क्रुसिबल निवेपर्यंत

काचेवर इतका जीव लावणारा दुसरा माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नसेल. हे मी उगाच कौतुकानं म्हणत नाही. मी आता रोज काचेत काम करते, काचेत काम करणारी पुष्कळ माणसं बघितली आहेत, आणि तरीही आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधल्या काकांच्या जवळपास जाईल असा एकही मला भेटलेला नाही. काकांना नाव होतं, हजेरीपटावर ते असणारच, पण विभागप्रमुखांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. गुजराती पोरं काका म्हणत, मराठी पोरं काका म्हणत, आणि कुणी अंकल म्हटलं तर त्यांना ऐकू येत नसे. हुद्दा लॅब असिस्टंट, शिक्षण मॅट्रिक, अंगात खाकी कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत चिनी मातीचे खडे. ते खडे कशाला, ते पुढे सांगते.

आमच्या घरात मात्र काचेशी कुणाचा संबंध नव्हता. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते एवढा एक मोठेपणा आम्ही सांगत असू, त्यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. बाबा घरांना रंग देत. मी दहावीत असताना ते परांचीवरून पडले, कमरेत मार बसला, आणि मग आई समा भागातल्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाऊ लागली. सकाळी चार घरं, संध्याकाळी तीन. आमच्या दोन खोल्यांत स्टील होतं, जर्मनची भांडी होती, प्लॅस्टिक होतं, पण फुटणारं काही नव्हतं, कारण फुटलं तर पुन्हा आणायचं कुठून? एका दिवाळीला एका बेननी आईला सहा काचेच्या ग्लासांचं खोकं दिलं. आईनं ते पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवलं. तसा पाहुणा अजून आलेला नाही. शाळेत आमच्या लॅब होती, म्हणजे एक कपाट होतं, पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली बदली झालेल्या सरांबरोबर गेली होती. बारावी सायन्स मी चांगल्या मार्कांनी पास झाले ते टेस्ट ट्यूबला हात न लावता. प्रयोग पाठ केले होते.

त्यामुळे सयाजीगंजातल्या कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी "पाणी गरम करा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी टेबलावरचं जे सगळ्यात उंच आणि ऐटबाज भांडं होतं ते उचललं, पाणी भरलं आणि बर्नरवर धरलं. ते मेजरिंग सिलिंडर होतं. मापायचं भांडं, तापवायचं नव्हे. मला काय माहीत? एक मिनिटभर सगळं छान चाललं होतं. मग खालून "टक" असा बारीकसा आवाज झाला, तळ सुटून खाली पडला, पाणी बर्नरवर, बर्नर विझला, आणि माझ्या हातात दोन्हीकडून उघडी अशी एक काचेची नळी राहिली. वर्गातली पोरं हसून लोटपोट झाली. मी रडायच्या बेतात होते.

काका आले. मला वाटलं आता बोलणी. पण त्यांनी आधी बर्नरचा गॅस बंद केला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवून आलीस?"

"हो."

"काय?"

"पोळी-बटाटा."

"राहतेस कुठे? घरी कोण कोण? आई काय करते?" असं दहाएक मिनिटं चाललं. मधल्या वेळात त्यांनी काच गोळा केली, फडकं फिरवलं. माझा श्वास जागेवर आल्यावर मग हळूच म्हणाले, "बेटा, या भांड्याचा तळ बघ किती जाड. खालून आच लागली, खालच्या अंगाला कळलं. वरच्या अंगाला पत्ताच नाही. घरात एकाला बातमी कळली आणि दुसऱ्याला नाही कळली की काय होतं? तेच झालं."

नंतर मला कळलं की काकांची रागावायची पद्धतच ही. आधी माणसाला कोमट करायचं, मग बोलायचं. एकदम बोललं की तडा जातो, असं त्यांचं म्हणणं. विभागप्रमुखांकडे रजा मागायची असली तरी ते आदल्या सोमवारी जाऊन हवेबद्दल बोलून येत, बुधवारी गुडघ्याबद्दल, आणि शुक्रवारी रजा मागत. विभागप्रमुख हुशार होते, सोमवारीच विचारत, "काका, कौनसे दिन चाहिए?" काका म्हणत, "अजून तिथवर आलो नाही साहेब."

हा नियम त्यांनी लॅबबाहेरही सोडला नव्हता. कॉलेजच्या फाटकाशी चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. तिथं उभे राहिले की काका आधी ग्लासात कोमट पाणी फिरवायला लावत, ते फेकायला लावत, आणि मग चहा. गर्दीच्या वेळीसुद्धा. लारीवाला कावून म्हणायचा, "काका, चा पीवी छे के प्रयोग करवो छे?" काका शांतपणे म्हणत, "बन्ने." म्हणजे दोन्ही. मे महिन्यात एकदा मी त्यांना बँकेच्या काचेच्या दारात पाहिलं. एक पाय आत, एक पाय बाहेर, दार अर्धं उघडं, आतला थंडगार वारा रस्त्यावर चाललेला. बंदूकवाला चौकीदार हैराण. "चाचा, अंदर आना है कि बाहर जाना है?" काका म्हणाले, "येतोय ना, धीरे धीरे." बाहेर चाळीसच्या वर तापमान आणि आत एसी, असं एकदम कसं शिरायचं? पाच मिनिटं ते तसेच उभे होते. मला बघून त्यांनी हात हलवला, पण पाय नाही हलवला.

लॅबमध्ये तर त्यांचंच राज्य. सकाळी दहाला पहिली बॅच यायच्या आत ते प्रत्येक बीकर खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघत. कुठे तारेएवढा ओरखडा दिसला की ती बीकर बाजूला. "हिला आता आग दाखवायची नाही," असं म्हणून ते तिला निवृत्त करत. निवृत्त बीकरींना पेन्शन होती. एकीत पेनं, एकीत खडू, एकीत तुळशीचं रोप, आणि ऑफिसातल्या क्लार्कबेनच्या टेबलावर एकीत बडीशेप. जाळी नसेल तर बीकर आचेवर ठेवू देत नसत. भांड्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा थेंब असला तर आच लावू देत नसत. "बाहेरून कोरडी, आतून ओली," हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलंय की आजही स्वयंपाकघरात पातेलं गॅसवर ठेवताना माझं मलाच ऐकू येतं. गरम भांडं उतरवून काळ्या ओट्याच्या दगडावर ठेवलंत तर मात्र ते कोमट वगैरे काही करत नसत, लॅबच्या दुसऱ्या टोकाहून ओरडत, "लाकडावर! फडक्यावर!" आणि सबंध वर्ग दचकून हातातलं जे असेल ते लाकडावर ठेवत असे. एका पोरानं मोबाइल ठेवला होता.

आता ते खिशातले खडे. पाणी किंवा आम्ल उकळताना मधेच उसळी मारतं, आणि उसळी मारली की भांडं हादरतं, कधी फुटतं. त्यात चिनी मातीचे दोन खडे टाकले की बुडबुडे बारीक येतात आणि उकळी शहाण्यासारखी वागते. बाजारात असे खडे विकत मिळतात, पण काकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते स्टाफच्या घरोघरचे टवके उडालेल्या कप-बश्या गोळा करत, घरी अंगणात गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडत, धुऊन वाळवून आणत. आयुष्यभर फुटणं वाचवणाऱ्या माणसाची ही एकच फोडाफोड. ती त्यांना मनापासून आवडत असावी, कारण कुणाच्या घरी चहाला गेले की बशीची कड ते बोटानं चाचपून बघत. त्यांच्याच घरी मी एकदा गेले होते, तेव्हा काकूंनी मला कपाखाली स्टीलची ताटली दिली आणि म्हणाल्या, "कप चार आहेत बाई. बश्यांचं विचारू नकोस. सगळ्या सायन्सला गेल्या."

तिसऱ्या वर्षापर्यंत माझं बरं चाललं होतं. मग आलं क्रुसिबल. सोनाराकडे मूस असते तशी ही चिनी मातीची पांढरी इवलीशी वाटी. दिलेल्या द्रावणातलं बेरियम पांढऱ्या साक्यासारखं खाली बसवायचं, गाळायचं, तो गाळणकागद साक्यासकट क्रुसिबलमध्ये ठेवून जाळायचा, वाटी लाल होईपर्यंत तापवायची, निववायची आणि वजन करायचं. दोन दिवसांची परीक्षा असते आणि दोन दिवसांचं सगळं काम शेवटी त्या वाटीत बसलेलं असतं. वाटी गेली की सगळं गेलं. माझी गेली. पहिल्या दिवसाचं काम चांगलं झालं होतं, दुसऱ्या दिवशी वाटी लालबुंद झाली, वेळ संपत आली होती, मी टेबलावरचा गार चिमटा उचलला आणि वाटी धरली. टक. मधोमध उभी चीर. पांढरी पूड बर्नरवर सांडली. बाकीच्या सगळ्या विषयांत पास, आणि प्रॅक्टिकलमध्ये नापास.

घरी कुणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. आईला वाटलं नशीब. बाबांनी ओळखीतून करजणकडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलं. तिथं बारावी पास चालत होती. ठरलं असं की पुढच्या परीक्षेला एकदा बसायचं. झाली पास तर डिग्री, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून करजणची बस. बाबा म्हणाले, "आमच्यात कुणी इथवर पण आलं नव्हतं. हे पण कमी नाही." ते खरंच समजुतीनं बोलत होते, पण मला तो आमच्या घरावर शिक्का वाटला.

मी काकांकडे गेले. मला वाटलं ते आधी जेवलीस का विचारतील. ते म्हणाले, "चिमटा गार होता ना?"

"हो."

"मी तिकडे सिंकपाशी होतो. परीक्षेत आम्हाला तोंड उघडता येत नाही. मी बघत होतो आणि मला तोंड उघडता येत नव्हतं." थोडा वेळ त्यांनी एक धुतलेली बाटली पुन्हा धुतली. "उद्यापासून दुपारच्या सुट्टीत यायचं. डबा इथंच खायचा."

दोन महिने मी रोज दुपारी अर्धा तास रिकामं क्रुसिबल तापवलं. त्यात काही नाही, बेरियम नाही, कागद नाही, नुसती वाटी. आधी आच दूर, मग जवळ, मग मोठी. मग तशीच उलटी, मोठी, लहान, दूर, बंद. मग चिमट्याची टोकं ज्योतीतून दोनदा फिरवायची, आणि तेव्हा वाटीला हात लावायचा. माझी अडचण तापवण्यात नव्हती, थांबण्यात होती. आच बंद केल्यावर वाटी जागच्या जागी निवू द्यायची असते, आणि ती चार-पाच मिनिटं मला युगासारखी वाटत. घड्याळाकडे बघितलं की हात शिवशिवत. काकांनी माझं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, "माझ्या सासऱ्यांची गोष्ट ऐक."

गोष्ट अशी. काकांचं नवीन लग्न झालं होतं. करजणहून सासरे लेकीला कैरीचं लोणचं घालायला म्हणून चिनी मातीची भली मोठी बरणी घेऊन पॅसेंजर गाडीनं निघाले. बरणी मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. इटोल्याला एक शेंगवाला धडकला, बरणी वाचली. वरणाम्याला एक बाई म्हणाली, भाऊ, बरणी खाली ठेवा आणि माझं पोर घ्या. सासऱ्यांनी पोर घेतलं, पण बरणी बाईच्या मांडीवर ठेवली, खाली नाही. मकरपुऱ्याला पोर रडलं. विश्वामित्रीला गाडी इतकी थांबली की सासऱ्यांनी बरणी सावलीला सरकवली. मग बडोदं आलं, टांगा, घर, बरणी ओट्यावर. एक टवका नाही. सासरे खूश, जावई खूश. आणि तेवढ्यात काकूंनी कढईतली उकळती फोडणी थेट त्या गार बरणीत ओतली. बरणी उभी चिरली.

"मग?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"मग काय? सासरे बघत राहिले. सगळे स्टेशन निभावले आणि घरात येऊन गेली. मी तिला एक शब्द बोललो नाही. अजून नाही बोललो." काका खिशातले खडे खुळखुळवत म्हणाले, "नीट निवू दे, मग बोलीन. आता वाटीला हात लाव. झालं बघ."

ही गोष्ट बरोबर क्रुसिबल निवेपर्यंत पुरायची. वरणाम्याला लाली गेलेली असायची, विश्वामित्रीला धग कमी झालेली असायची, आणि फोडणी पडली की चिमटा गरम करायचा. काका ती रोज त्याच चालीनं सांगत. मी डबा खाता खाता ऐकत असे. दोन महिन्यांत काकूंची बरणी पन्नासदा चिरली असेल, माझं क्रुसिबल एकदाही नाही.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. चांगले होते, पण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. काका नेहमीप्रमाणे सिंकपाशी उभे राहिले नाहीत. लॅबमध्ये सामान लावून देऊन ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि दाराकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी वाटी लाल झाली. मी आच लहान केली, दूर केली, बंद केली, आणि हात मागे बांधून उभी राहिले. बाकीच्यांच्या वाट्या निघून वजनकाट्याच्या रांगेत लागल्या होत्या. परीक्षक माझ्यापाशी थांबले.

"बेन, जरा जल्दी करो ने. बॅलन्स पर लाइन छे."

"सर, हजु गरम छे."

"लाल तो नथी. लई लो."

लाल नव्हती हे खरं होतं. पण मनातल्या गोष्टीत मी त्या वेळी इटोल्याच्या थोडी पुढे होते, वरणामं यायचं होतं. मागच्या वेळी अशीच कुणाची तरी घाई माझ्या हातात शिरली होती. मी म्हटलं, "सर, बे मिनिट आपो. मार्क कापवा होय तो कापजो." असं मी परीक्षकाला बोलेन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. रंगाऱ्याची मुलगी मी, सरांपुढे मान वर करायची सवय नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी ओठ न हलवता सगळी स्टेशनं घेतली. बाईचं पोर रडलं. गाडी थांबली. टांगा झाला. काकूंनी फोडणी ओतली. मी चिमटा ज्योतीतून दोनदा फिरवला, वाटी उचलली, ओलावा शिरू न देणाऱ्या, झाकणाच्या काचेच्या डब्यात ठेवली, आणि झाकण सरकवलं. माझ्या पाठीवरून घाम चालला होता. वाटी अख्खी होती. तिच्या तळाशी पांढरी पूड होती, आणि ती सगळी माझी होती.

बाहेर आले तर काका तसेच बसलेले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मीच पुढे जाऊन उभी राहिले.

"अख्खी?" त्यांनी विचारलं.

"अख्खी."

काका उठले आणि लॅबमध्ये गेले. आत कुणाचं तरी भांडं दगडावर ठेवलं जात असावं, कारण लगेच त्यांची आरोळी ऐकू आली.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. सायन्सला आता विजेवर चालणाऱ्या शेगड्या आल्यात, आच आपोआप कमी-जास्त होते, आणि कुणाला फारसं ओरडावं लागत नाही. मी अधूनमधून समाला त्यांच्याकडे जाते. आई तिथंच शेजारच्या सोसायटीत पोळ्या करायची, आता नाही जात. काका गॅलरीत बसलेले असतात. पोरांची नावं त्यांना आठवत नाहीत, कोणाच्या हातून काय फुटलं होतं ते मात्र आठवतं. मागच्या खेपेला गेले तर म्हणाले, "तुम्ही सगळे तीन वर्षांत निघून जाता बेटा. काचेचं बरं असतं, कपाटात राहते." काकू आतून म्हणाल्या, "मग लग्न तिच्याशीच करायचं होतं." काका गॅलरीतून रस्त्याकडे बघत राहिले. खाली शाळेची पोरं घरी चालली होती.  मी खुर्ची सरकवून त्यांच्याशेजारी बसले.

मी बी.एस्सी. झाले. विषय केमिस्ट्री, प्रॅक्टिकलसकट पास. आज मी एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी करते, आणि आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली आहे.